रिठदची पडदी

इंद्रभानचा आवाज साऱ्या हिरडपेठेच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फार थोड्यांच्या. हिरडपेठ म्हणजे रिसोडच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. तूर आणि कापसाच्या दिवसांत तिथं बैलगाड्यांची रीघ लागायची, आडत्यांच्या दुकानांत बोलायला उसंत नसायची. दुष्काळ नुकताच मागे पडला होता, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा तो काळ. फोनला तेव्हा तबकडी नव्हती. बाजूची मूठ फिरवली, की एक्स्चेंजातल्या बोर्डावर त्या फोनची पत्र्याची छोटी पडदी खाली पडायची, बझर करकरायचा, आणि इंद्रभान त्या पडदीखालच्या भोकात दोरीची पिन खुपसून विचारायचा, "बोला, कोण पाह्यजे?"

तो मूळचा रिठदचा. छप्पन साली बापानं घरातले जुने देव पाण्यात सोडले आणि पोरांना शाळेत घातलं. त्या पोरांपैकी मॅट्रिक झाला तो हाच. ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा वस्तीतल्या लोकांना ती नेमकी काय असते हे ठाऊक नव्हतं. पण खुर्चीवर बसून करायची आहे आणि सरकारी आहे, एवढं पुरेसं होतं. रिठदच्या पोस्टात पुढे सार्वजनिक फोन आला, तेव्हा तर म्हातारीकोतारी तो फोन पाहायला गेली आणि म्हणाली, "याच्या दुसऱ्या टोकाले आपला इंद्रभान बसला हाये."

कामात तो वाघ होता. पण बोर्डाची मांडणी त्याला खटकायची. पडद्या लागल्या होत्या नंबराच्या क्रमानं, म्हणजे ज्याला फोन आधी मिळाला त्याची पडदी आधी. त्यामुळे दिवसातून शंभरदा लागणारा फुलचंदशेठ पार वरच्या कोपऱ्यात, कापसाचं जिनिंग उजवीकडे टोकाला, आणि ऐन डोळ्यांसमोर कोण, तर महिन्यात दोनदा बोलणारी शाळा. हात आखडून यायचे. एका मंद दुपारी त्यानं लाइनमन धरमसिंगला चहा पाजला आणि मागच्या चौकटीतल्या तारा बदलून घेतल्या. मधल्या ओळीत, जिथं नजर आपोआप पडते तिथं, फुलचंदशेठ, जिनिंग, तेलघाणीवाले आणि दवाखान्याचे डॉक्टर. त्यांच्या वर मोठे जमीनदार. नंबरांच्या जागी त्यानं आपल्या वळणदार अक्षरात नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. शेठलोकांच्या लाल शाईनं. शाळा आणि कधीमधीच बोलणारी खेडी खालच्या ओळीत गेली.

खालच्या ओळीचा शेवटचा कोपरा ऑपरेटरच्या गुडघ्याशी यायचा. जास्तीच्या दोऱ्या तिथं लोंबत. तो कोपरा त्यानं रिठदला दिला.

"तुयंच गाव हाये ना हे?" धरमसिंगनं तार पिळता पिळता विचारलं.

"हाये तं. पन तिकडून फोन करते कोन? अन् वारा सुटला का तारा एकमेकीले लागतेत, फुकटच पडदी पडते. डोकं उठवते तो बझर."

"मंग बझर काढून टाकू का तेवढा?"

इंद्रभान क्षणभरच थांबला. "काढ," म्हणाला.

मांडणी अशी काही जमली की फुलचंदशेठनं मूठ सोडायच्या आत इंद्रभानचा आवाज त्याच्या कानात. अकोल्याचा भाव हवा, अकोला जोडलं. शेठ खूश. "वा, इंद्रभानजी! तुम्ही बसता तेव्हा फोन कसा लोण्यासारखा चालतो." इंद्रभानजी! आजवर त्याच्या नावापुढे कोणी 'जी' लावला नव्हता. एकदा तो काही कामानं शेठच्या पेढीवर गेला होता, तेव्हा त्याला चहा मिळाला तो बाहेरच्या ओट्यावर, कान तुटलेल्या कपात, आणि कप धुऊन ठेवायलाही त्यालाच सांगितलं गेलं. शेठनं मान वर करून पाहिलंही नाही. समोरचा माणूस आणि फोनवरचा आवाज एकच, हे त्याला माहीत नव्हतं. इंद्रभाननं सांगितलंही नाही. कप धुऊन तो एक्स्चेंजात परतला, आणि दुपारी शेठची पडदी पडली तेव्हा नेहमीपेक्षाही लवकर पिन खुपसली. तारेवरून आलेला तो 'जी' त्याला गोड लागायचा. फार गोड.

पुढे भागिरथा नावाची नवी ऑपरेटर आली. अकोल्याला शिकून आलेली, बोलायला हळू, नजरेनं तल्लख. ती त्याला भाऊ म्हणायची. त्यानं तिला बोर्ड शिकवला तो आपल्या मांडणीचा. लाल चिठ्ठ्या कोणाच्या, कोणाला कसं बोलायचं, कोणाचा भाव किती वाजता येतो, सगळं. तिनं खाली वाकून कोपऱ्यातल्या दोऱ्या बाजूला केल्या आणि विचारलं, "अन् भाऊ, हे खालचे कोन?"

"ते राहू द्या. खालच्या ओळीकडे पाहाचं काम नाही. तिकडे पाहात बसाल तं वरचे लोक बोंबलतीन."

तिनं मान डोलावली. दोऱ्या पुन्हा जागेवर पडल्या.

वैशाखात रिठदला त्याच्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. इंद्रभाननं रजा टाकली, बोर्ड भागिरथाच्या हवाली केला आणि सकाळच्या एसटीनं गाव गाठलं. पांढरा सदरा, खिशाला पेन. विहारासमोरच्या मांडवात त्याला पुढे, भन्तेजींच्या जवळ बसवलं. लोक येऊन जयभीम घालत होते, फोनची चौकशी करत होते. कोणी विचारलं, "काय गा, मुंबई बी लागते का तुया बोर्डावर?" तो म्हणाला, "दिल्ली लागते." हशा पिकला. त्यानंही हसून घेतलं. असं कौतुक कोणाला नकोसं असतं?

मांडवामागे चुली पेटल्या होत्या. वरणाचा मोठा गंज उतरवायचा होता. उतरवायला पुढे झाली धुरपताबाई. नात्यानं ती इंद्रभानची मामी, वस्तीतल्या प्रत्येक लग्नात चुलीपाशी असणारी. गंजाचा एक कान फडक्यातून निसटला. उकळतं वरण तिच्या उजव्या हातावरून, कमरेवरून, मांडीवरून गेलं. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती खाली बसली.

बायकांनी आरडाओरडा केला, पाणी ओतलं. धुरपताबाईच्या लेकानं बैल सोडून आणले. गाडीनं हिरडपेठच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तेवढ्यात इंद्रभान पुढे झाला. पुढे व्हायची त्या दिवशी त्याला सवयच लागली होती.

"गाडी नको जुपू," तो म्हणाला. "उन्हात धक्क्यानं जीव जाईन मामीचा. मी आत्ता फोन करतो. दवाखान्याची जीप मांडवापाशी उभी करतो, पाह्यजो तू."

लेकानं जू खाली ठेवलं.

सारी वस्ती त्याच्या मागे पोस्टापर्यंत गेली. पोस्ट म्हणजे ग्यानबाच्या घराचा पुढचा सोपा. ग्यानबा टपाल वाटायचा आणि फोनही सांभाळायचा. इंद्रभाननं मूठ फिरवली, रिसीव्हर कानाला लावला. शांत. पुन्हा फिरवली. आता येईल भागिरथाचा आवाज, बोला म्हणेल, मग दवाखाना, दवाखाना तर मधल्या ओळीतच आहे, एका दमात जोडेल. तो वाट पाहत राहिला. मागे दारात पोरं, म्हातारे, लग्नाचे पाहुणे दाटले होते. कोणी कोणाला म्हणत होतं, "चूप बसा, तो बोलून राह्यला."

तो बोलत नव्हता. तो मूठ फिरवत होता.

"लाइन तं चालू हाये," ग्यानबा म्हणाला. "सकाळी टेस्टिंगले धरमसिंगचा फोन आल्ता."

आणि मग इंद्रभानला बोर्ड दिसला. इथं, रिठदच्या सोप्यात उभं राहून त्याला तो लख्ख दिसला. मध्ये लाल चिठ्ठ्या, त्यांच्यावर झुकलेली भागिरथा. आणि खाली, गुडघ्याशी, दोऱ्यांच्या मागे, पहिल्याच मुठीला पडलेली रिठदची पडदी. बझर नाही. कोणी वाकून पाहणार नाही, कारण पाहायचं काम नाही असं त्यानंच सांगितलेलं. तो दिवसभर मूठ फिरवत राहिला असता तरी पडलेली पडदी आणखी खाली कुठे पडणार होती?

त्याला ते त्याच वेळी कळलं. रिसीव्हर ठेवून द्यायला हवा होता. पण ठेवला की वळावं लागणार, आणि वळलं की दारातली तोंडं. म्हणून तो फिरवत राहिला. ऐकल्यासारखं करत राहिला. एकदा तर त्यानं "हॅलो" सुद्धा म्हटलं, कोणी नसताना, आणि ते ऐकून मागे कोणीतरी "लागला, लागला" म्हणालं. त्या शब्दांनी त्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या.

शेवटी धुरपताबाईचा लेकच आत आला. "काय झालं, भाऊ?"

"लाइन खराब दिसते," इंद्रभान म्हणाला.

ग्यानबानं त्याच्याकडे पाहिलं. लेक पळत गेला, बैल पुन्हा जुपले. तोवर उन्हं चांगलीच कलली होती. धुरपताबाईला गाडीत केळीच्या पानांवर आडवं केलं होतं, ती थरथरत होती. फाट्यावर एसटी मिळाली, ड्रायव्हरनं मागचं बाकडं रिकामं करून दिलं. साऱ्या वाटेवर इंद्रभान तिच्या पायांशी बसून होता. मध्येच तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "तुयं जेवन राह्यलं ना रे, बापा." त्यानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पाहिली आणि ते तडकले. "इतका उशीर का केला? तुमच्या गावात फोन आहे ना? जीप इथं दिवसभर नुसती उभी आहे!" लेकानं सांगितलं, लाइन खराब होती. डॉक्टर म्हणाले, खराब कशी, दिवसभर तर शेठलोकांचे फोन येताहेत. इंद्रभान दाराशी होता. जीपही त्याला तिथून दिसत होती, निंबाच्या सावलीत, ड्रायव्हर आत पाय पसरून झोपलेला.

तो एक्स्चेंजात गेला. भागिरथा बोर्डावर होती. त्याला पाहून हसली. "लवकर आले, भाऊ? आज एक बी तक्रार नाही. फुलचंदशेठ तं म्हनत होते, तुमच्यावानीच चटकन जोडते म्हनून."

तो तिच्या खुर्चीजवळ खाली बसला. दोऱ्या बाजूला सारल्या. पडदी पडलेली होती. त्यानं बोटानं ती वर उचलली, खिटीत अडकवली. पत्रा टच्कन वाजला.

"आई वो!" भागिरथा म्हणाली. "कवा पडली ही? बझर तं नाही वाजला."

 तिनं त्याच्या सदऱ्यावरचे वरणाचे, राखेचे डाग पाहिले आणि ती पुन्हा बोर्डाकडे वळली.

चार दिवसांनी तक्रार आली. रिठदची पाच-सात माणसं स्वतः येऊन उभी राहिली, आणि अकोल्याहून इन्स्पेक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न भागिरथाला केला. "त्या दिवशी ड्यूटीवर तुम्ही. रिठदचा फोन उचलला नाही. झोपला होता की गप्पा मारत होता?"

भागिरथानं इंद्रभानकडे पाहिलं. ती वाट पाहत होती, हे त्याला कळलं. तिनं काही विचारलं नव्हतं, तक्रार केली नव्हती, नुसतं पाहिलं. इंद्रभानच्या डोक्यात त्या वेळी काय काय येऊन गेलं! नोकरी. वस्ती. भन्तेजींजवळची जागा. रिठदची माणसं दारात उभी होती, त्याच्याच आळीतली, आणि ती त्याच्याकडे आपला माणूस म्हणून पाहत होती. हा आपली बाजू मांडेल म्हणून. त्यानं नजर खाली घातली आणि लोंबत्या दोऱ्यांकडे पाहत राहिला.

"साहेब, मले पडदी दिसली नाही," भागिरथा म्हणाली. "चूक झाली."

"नव्या लोकांचं हे असंच," इन्स्पेक्टर म्हणाले आणि वही काढू लागले. भागिरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं नाही, तसंच राहू दिलं.

तेव्हा कुठे इंद्रभानच्या तोंडून आवाज फुटला. तोच आवाज, पण घोगरा. "साहेब, तिची चूक नाही. मांडणी मी बदलली. बझर मी काढायले लावला. खाली पाहू नको म्हनून तिले मीच सांगितलं."

 दारातल्या माणसांपैकी एकानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. इन्स्पेक्टरनी सगळं लिहून घेतलं. शिक्षा म्हणाल तर मोठी झाली नाही. समज मिळाली, वर्षाची पगारवाढ रोखली. धरमसिंगलाही बोलणी बसली, पण त्यानं ती चहासारखी पिऊन टाकली. इंद्रभानला मात्र तो मधला वेळ पुरून उरला, भागिरथानं पाहिल्यापासून तो बोलेपर्यंतचा. बोलला हे खरं. पण आधी तिला बोलू दिलं, हेही तितकंच खरं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला साहेब म्हणू लागली. भाऊ म्हणणं सोडलं. रागानं नव्हे, अगदी आदरानं.

बोर्ड पूर्ववत झाला. तारा नंबराच्या क्रमानं लागल्या, लाल चिठ्ठ्या त्यानं स्वतःच्या नखानं खरवडून काढल्या. रिठद पुन्हा मधल्या ओळीत आलं. आता वारा सुटला की पडदी पडायची, बझर करकरायचा, तो पिन लावून विचारायचा "बोला", आणि तिकडून नुसत्या वाऱ्याचा आवाज यायचा. तरी प्रत्येक वेळी विचारायचा. तिकडे शेठचे फोन रेंगाळू लागले. "काय रे, इंद्रभान, झोपा काढतोस काय?" फुलचंदशेठ एकदा खेकसला. 'जी' गेला, अहो-जाहो पण गेलं. आणि ते ऐकून त्याला वाईट वाटलं. एवढं होऊनही वाटलं! या वाटण्याचीच त्याला इतकी लाज वाटली की त्या दिवशी डबा त्यानं तसाच घरी नेला. बायको रुख्मिणीनं डबा उघडून पाहिला, भाकरी पुन्हा टोपल्यात ठेवली.

धुरपताबाई वाचली. पण उजव्या हाताची बोटं एकमेकांकडे ओढली गेली, मूठ पुरती उघडेना की मिटेना. आषाढात ती घरी आली, तेव्हा इंद्रभान तिला भेटायला गेला. जायचं त्यानं तीनदा ठरवून तीनदा टाळलं होतं.

ती ओसरीवर बसून डाव्या हातानं लसूण सोलत होती. त्याला पाहून तोंडभर हसली. "ये बापा, ये. लोक काईबाई बोलतेत, मले नाही पटत. लाइनच खराब होती, त्याले तू काय करशीन?"

म्हणजे हिला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं तिनं ऐकून घेतलं नव्हतं. उठून जावं, असं त्याला वाटलं. तो तिच्यासमोर खाली बसला.

"मामी, लाइन खराब नव्हती."

"मंग?"

त्यानं पडदी, बझर, तारा असं काही सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण तिला काही उमगत नव्हतं. तो थांबला. मग म्हणाला, "शेठलोकायचे फोन मी वर ठेवल्ते. आपल्या गावचा खाली. पार पायापाशी."

हे तिला लगेच समजलं. तिचा लसणाचा हात थांबला.

"काहून?"

"त्यायचे फोन लय येतेत, मामी. आपले कधीमधी."

"कधीमधीच येतीन ना रे," धुरपताबाई म्हणाली. "आमी का रोज जळतो?"

ती रागावून बोलली नाही, म्हणूनच ते त्याला फार लागलं.  पावसाची भुरभुर चालू होती, समोरच्या वाटेनं कोणी घोंगडी पांघरून गेलं. मग तिनं आत हाक मारली, "सूनबाई, चहा ठेव वो. पाव्हना हाये."

पाहुणा. आजवर या घरात तो पाहुणा नव्हता. तो थेट चुलीपर्यंत जायचा.

चहा आला. धुरपताबाईनं सवयीनं उजवा हात पुढे केला, बशी कलंडली, चहा लुगड्यावर सांडला. सून धावली. "राहू दे, राहू दे, थंडाच हाये," म्हातारी म्हणाली आणि उरलेली बशी डाव्या हातात घेतली. इंद्रभाननं आपला चहा पूर्ण प्याला. नाही म्हणायचा त्याला हक्क वाटला नाही.

मामीसमोर त्यानं स्वतः कबूल केलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाली. त्यानंतरही त्याला लग्नाची बोलावणी येत राहिली, तो जातही राहिला. लोक जयभीम घालत, खुशाली विचारत, पुढे येऊन बस म्हणत. तो मांडवाच्या मागच्या खांबाशी बसायचा. घडलं ते जसंच्या तसं सांगायची त्याची तयारी होती. मनात शब्दही जुळवून ठेवले होते. पण फोनबद्दल त्याला पुन्हा कोणी काही विचारलं नाही.